मदत हवी: बिग एंडचे बोल्ट जुनेच टाकू की नवे? उद्या इंजिन बांधायचंय

शिरोळकर_१०चाकी:
मंडळी, लवकर सांगा. इंजिन उतरवून नऊ दिवस झाले, क्रँक ग्राइंड होऊन आलाय. मिस्त्री म्हणतो बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडची टोपी क्रँकवर आवळणारे) बोल्ट जुनेच चालतात, वीस वर्षं तेच करतोय. दुकानदार म्हणतो १२.९ ग्रेडचे एलन बोल्ट न्या, ओरिजिनलपेक्षा कडक आणि निम्म्या पैशात. कुणाचं ऐकू? साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाय, ऊसतोडीची टोळी येऊन बसलीय, उचल देऊन झालीय.

जुना_फिटर:
इंजिन कुठलं? उघडलं कशासाठी? नुसतं 'इंजिन' म्हटल्यावर काय डोंबल सांगणार?

टेक्सासकर:
माझ्या राम पिकअपच्या ५.९ कमिन्सला एआरपी कंपनीचे मेन स्टड (क्रँक ब्लॉकमध्ये धरणाऱ्या टोप्यांचे) टाकलेत. डोळे झाकून घ्या. पैसे जातात, पण झोप लागते.

जुना_फिटर:
तो बिग एंडचं विचारतोय, तुम्ही मेनचं सांगताय. आणि स्टड टाकले की टोपी वेगळ्या जोराने आवळली जाते, मेन बोअरचं गोलपण बिघडू शकतं. लाइन बोरिंग (सगळे मेन बोअर एका रेषेत मापात करणं) कोण करून देणार, तुम्ही?

टेक्सासकर:
माझ्या ब्लॉकला लाइन होनिंग केलं होतं.

जुना_फिटर:
मग तेही लिहायचं ना!

शंकासुर:
ऑइल कुठलं टाकताय? १५डब्ल्यू४० सोडून काही घालू नका.

शिरोळकर_१०चाकी:
सांगायचं राहिलं. टाटाची दहा चाकी, कमिन्स ६बीटी, ५.९. ऑइलचं नंतर बघू हो!

नटबोल्ट_जोशी:
बोल्टच्या ग्रेडचा आकडा १०.९ म्हणजे ताणशक्ती १००० मेगापास्कल, १२.९ म्हणजे १२००. आकडा मोठा म्हणून बोल्ट सरस, असं गणित इथे चालत नाही. रॉडचा बोल्ट दर फेऱ्याला ताण खातो, त्याची मान आणि आटे त्या हिशेबाने बनवलेले असतात. बऱ्याच इंजिनांत टोपी जागेवर बसते तीच बोल्टच्या मापात घासून बनवलेल्या मानेवर. बाजारच्या एलन बोल्टला ती मान कुठून येणार? त्यात वरून चकचकीत मुलामा असेल तर आणखी भीती. इतक्या कडक पोलादात मुलामा देताना हायड्रोजन शिरला, तर बोल्ट काही न सांगता तुटतो.

जुना_फिटर:
जोशीबुवांशी सहमत (क्वचित होतं). आता जुन्या बोल्टांचं. त्याच आट्याचा नवा नट घ्या आणि प्रत्येक बोल्टवर हाताने शेवटपर्यंत फिरवा. मध्येच अडला तर बोल्ट ताणलाय, भंगारात टाका. मान व्हर्नियरने मोजा, कुठे बारीक झाली असेल तरी तेच. आवळताना आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल लावा. तीन टप्प्यांत ३५, ७०, १०० न्यूटन मीटर, मिस्त्रीच्या भाषेत शेवटी दहा किलो. मेनचे १७६, म्हणजे अठरा किलो. पण इंजिन नंबर लावून मॅन्युअल बघा, पुढच्या मॉडेलांना टॉर्कनंतर अंशातही फिरवायचं असतं.

नटबोल्ट_जोशी:
ऑइल विसरू नका. लावलेल्या टॉर्कचा साधारण ९० टक्के भाग घर्षणातच जातो. कोरडा आवळलात तर पाना दहा किलो दाखवेल आणि बोल्ट ढिलाच राहील.

शिरोळकर_१०चाकी:
आत्ता नट फिरवून बघितला. बारापैकी दहा बोल्टांवर सरळ गेला, दोनावर अर्ध्यात अडकला. दोन्ही चौथ्या नंबरचे. तो रॉडही खालच्या बाजूला जरा निळसर दिसतोय. तो चालतो ना?

जुना_फिटर:
अरे देवा! चौथ्याचं बेअरिंग फिरलं होतं का?

शिरोळकर_१०चाकी:
हो, शेल (बेअरिंगची वाटी) फिरलं म्हणूनच तर उघडलं. लिहिलं नाही का मी?

जुना_फिटर:
नाही!! तो रॉड चालत नाही. निळा पडला म्हणजे तापून गेला, नवा बोल्ट टाकून तो वाचत नाही. दुसरा रॉड आणा, बाकी पाचांच्या वजनाशी जुळवून. टोपी आणि रॉड एकाच नंबरचे, अदलाबदल नको. आणि ऑइलच्या वाटा, कूलर, क्रँकची भोकं धुतलीत का? शेलचा चुरा आत राहिला तर आठ दिवसांत परत हाच धागा काढाल.

टेक्सासकर:
रॉड आणताच आहात तर एआरपीचे रॉड बोल्टसुद्धा...

जुना_फिटर:
गप बसा हो. ते बोल्ट टाकले की बिग एंडचा बोअर पुन्हा मापात करून घ्यावा लागतो.

शिरोळकर_१०चाकी:
रॉड कोल्हापुरात उद्यमनगरला मिळतोय, उद्या दुपारपर्यंत येईल. बोल्ट बाराही नवे, ओरिजिनल. क्रँकची भोकं पुन्हा धुवायला सांगितली तर मिस्त्री रुसून चहाला गेलाय. फिटरकाका, एक शेवटचं. जयसिंगपूरच्या आसपास कुणाकडे टॉर्क पाना आहे का? आमच्या मिस्त्रीकडे नाही.