मदत हवी आहे: जुन्या अमेरिकन कॉन्सलसाठी मराठी शब्द, आणि कोलकात्याची कागदपत्रे

नमस्कार मंडळी,

अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली तेव्हा परदेशी बंदरांत तिचे जे कॉन्सल (तिथे आपल्या देशाच्या व्यापाऱ्यांची आणि खलाशांची कामं बघणारे प्रतिनिधी) होते, त्यांच्यावर लेख लिहितो आहे आणि शब्दांपाशी अडलो आहे.

कोशात 'वाणिज्यदूत' मिळतो. पण दूत म्हटलं की पगारी सरकारी माणूस डोळ्यांपुढे येतो. पेशवाईतला 'वकील' घ्यावा, तर तो दरबारात बसणारा. हे लोक मुळात व्यापारी. सॅम्युएल शॉ १७८४ साली 'एम्प्रेस ऑफ चायना' जहाजावरच्या मालाचा व्यवहार सांभाळत चीनमधल्या कँटनला गेला. १७८६ मध्ये त्याला तिथला कॉन्सल नेमलं, पण बिनपगारी. लिव्हरपूलला व्हर्जिनियाच्या जेम्स मोरीने १७९० ते १८२९ अशी तब्बल ३९ वर्षं आपला धंदा करत हे काम केलं.

काम काय, ते १७९२ च्या कायद्यात सापडतं. परक्या बंदरात कुणी अमेरिकन वारला आणि त्याचं तिथे कुणी नसेल, तर मालमत्तेची यादी करून ती विकायची, देणी भागवायची. त्याबद्दल ५ टक्के मोबदला. आजारी पडून किंवा जहाज फुटून मागे राहिलेल्या खलाशाला दिवसाला जास्तीत जास्त १२ सेंट खर्चून जगवायचं आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढवायचं. कप्तानाने त्याला न्यायला नकार दिला तर ३० डॉलर दंड. मला या लेखात सगळ्यात जास्त हा खलाशीच दाखवायचा आहे.

आणखी एक काम होतं. वादळात माल भिजला की कप्तान कॉन्सलपुढे शपथेवर हकीकत नोंदवायचा, म्हणजे पुढे नुकसानीचा दोष त्याच्यावर येऊ नये. याला 'प्रोटेस्ट' म्हणतात. 'निषेध' लिहिलं तर वाचणाऱ्याला मोर्चा आठवेल! मर्चंट नेव्हीतल्या किंवा सागरी विम्यातल्या कुणी सांगाल का, मराठीत बोलताना तुम्ही काय म्हणता? जुन्या कोकणी बंदरांच्या कागदांत अशा जबानीला काही शब्द होता का?

दुसरी अडचण बेंजामिन जॉयची. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनने १७९२ मध्ये त्याला कोलकात्याचा कॉन्सल नेमलं, १७९४ मध्ये तो पोचला. कंपनी सरकारने त्याला कॉन्सल मानलं नाही. फक्त व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहू दिलं. कंपनीच्या बाजूचा हा पत्रव्यवहार मला मुळातून वाचायचा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधू की कोलकात्याला राज्य अभिलेखागारात? ज्यांनी तिथे काम केलंय त्यांनी अर्ज कसा करायचा, प्रती मिळतात का, तेही लिहावं.

सध्या मसुद्यात 'कॉन्सल' आणि 'प्रोटेस्ट' तसेच ठेवले आहेत. लेख महिनाअखेरीस द्यायचा आहे.