निवडणुकीतला पैसा: तुम्ही स्वतः पाहिलेला (अनुभव धागा)

परवा घरी पाहुणे होते. जेवताना निवडणुकीचा विषय निघाला आणि पंगतीतल्या सहापैकी पाच जणांकडे पैशाचा एकेक किस्सा निघाला. सहावा नुकताच अठरा वर्षांचा झालाय. म्हणून हा धागा.

नियम एकच: ऐकीव नको. जे डोळ्यांनी पाहिलं, हातात घेतलं, दिलं किंवा नाकारलं तेवढंच आपापल्या टोपणनावाने लिहा. पक्ष आणि नावं टाळा, नाहीतर उद्या सकाळी धाग्यावर मारामारी सुरू झालेली असेल.

सुरुवात मीच करते. माहेर मराठवाड्यातल्या नगरपालिकेच्या गावात. मतदानाच्या आदल्या रात्री साडेअकराला कडी वाजली. दारात गल्लीतलाच पोरगा, एरवी केबलचं बिल न्यायला येणारा. हातात मतदार यादीचं पान, नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा. "काकू, चार मतं ना तुमची?" आणि पाकीट पुढे केलं. घरात मतं पाच होती. आजी आतून ऐकत होती. काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, "का रे, मी मेले का?" पोरगा ओशाळला. म्हणाला, आजी, तुम्हाला आता उठवत नाही, म्हणून वाटलं... "गेल्या खेपेला खुर्चीत बसवून नेलंत की!" तिला पैसे नको होते. खिजगणतीत धरलं नाही, याचा राग होता. सकाळी सातला रांगेत पहिली तीच. मत कुणाला दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पाकीट आईने देवघरात ठेवलं. वडील काही बोलले नाहीत. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. (माहीत आहे. गॅसचं सिलिंडर आलं.)

खतावणी

मी एका सीएंकडे कामाला होतो. २०१९ च्या विधानसभेला एका उमेदवाराचं खर्चाचं रजिस्टर माझ्याकडे आलं. तेव्हा मर्यादा २८ लाख होती. आता विधानसभेला ४० आणि लोकसभेला ९५ लाख आहे. रजिस्टरला तीन रंगांची पानं असतात: रोजच्या खर्चाची पांढरी, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडायचं. एका माणसाला किंवा दुकानाला अख्ख्या निवडणुकीत दहा हजारांच्या वर रोख द्यायची नाही. प्रचाराच्या काळात तीनदा रजिस्टर तपासणीला न्यायचं. समोर निवडणूक आयोगाच्या खर्च निरीक्षकांचं स्वतःचं रजिस्टर असतं. त्यांचे कॅमेरेवाले सभेत फिरून खुर्च्या मोजतात. चहा, वडापाव, फेटा, हार सगळ्याचं दरपत्रक जिल्ह्याचं निवडणूक कार्यालय काढतं. हार कुणी प्रेमाने घातला म्हणालात तरी दर लागतोच.

माझी खरी करामत भागाकारात होती. स्टार प्रचारकाचं, म्हणजे पक्षाच्या यादीतल्या बड्या नेत्याचं, हेलिकॉप्टर पक्षाच्या खर्चात जातं. पण उमेदवार त्याच्या शेजारी स्टेजवर बसला की मांडव आणि स्पीकर उमेदवाराच्या नावावर पडतात. शेजारच्या मतदारसंघांतले उमेदवारही स्टेजवर असतील तर तो खर्च सगळ्यांत वाटला जातो. म्हणून ऐनवेळी गाड्या पाठवून दोन उमेदवार आणवले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, अभूतपूर्व एकजूट.

निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्यावा लागतो. आमचा मर्यादेच्या बराच खाली बसला. साहेबांनी शपथपत्रावर सही केली. त्याच आठवड्यात त्यांच्या पुतण्याची काळी डायरी माझ्या टेबलावर राहून गेली होती. मी उघडली नाही. जाडी पाहिली.

बाकावरचा

वरच्यांनी अगदी अंगावर येईल असं लिहिलंय, पण यात गुपित ते काय? २०१३ साली गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईत भर कार्यक्रमात सांगितलं होतं की २००९ च्या लोकसभेला आपला आठ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा २५ लाख. आयोगाने नोटीस काढली, खुलासा झाला, प्रकरण निवलं. त्या दिवशी आमच्या ऑफिसात चर्चा रंगली ती अशी, की एवढ्या मोठ्या मतदारसंघात आठच कसे पुरले!

पाटी-पेन्सिल

मी झेडपीचा मास्तर. लोकसभेला नाक्यावरच्या पथकात ड्युटी लागली. पन्नास हजारांच्या वर रोकड दिसली की कागद मागायचे. पहिल्याच रविवारी एक शेतकरी सापडला, बाजारात बैलजोडी विकून निघालेला. पावती होती, पण भावाच्या नावाची. नियमाप्रमाणे पैसे जप्त, पंचनामा, आणि सोडवायला जिल्ह्याच्या समितीकडे. आमच्या कॅमेऱ्यासमोर त्याने नोटा तीनदा मोजल्या. दर वेळी आकडा वेगळा यायला लागला, हात थरथरत होते. दुपारी तो आमच्यातच बसून जेवला, कारण जाणार कुठे? पैसे चार दिवसांनी मिळाले. नंतर त्याने माझ्यासाठी काकड्या पाठवल्या. त्या पिशवीची मला आजही लाज वाटते.

महिनाभरात आम्ही पकडलं काय? एक कांदा व्यापारी, लग्नाचा बस्ता बांधायला निघालेलं एक कुटुंब, बचत गटाच्या दोन बाया. शेवटच्या रात्री हवालदार म्हणाले, "गुरुजी, वाटायचा पैसा आता रस्त्यावर नसतो. तो फॉर्म भरायच्या आधीच गावात मुक्कामाला आलेला असतो."

बांबू-बल्ली

मी मांडववाला, कोल्हापूरकडचा. आमचा अनुभव उलटा हाय. लोकांना वाटतं निवडणूक म्हंजे मांडववाल्याची दिवाळी. तसं नसतंय. आधी बिल दोन करायची: एक त्यांच्या रजिस्टरचं, एक खरं. रजिस्टरातलं चेकनं येतंय. खरं बिल निकालानंतर. उमेदवार निवडून आला तर "आपलंच काम हाय, बघू की" म्हणतोय. पडला तर त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं? मी एकदा गेलो. माणूस अंधारात बसलेला, बायकोनं चहा दिला. मी "सहज आलतो" म्हणून उठलो. वर त्यांच्या पोराच्या लग्नाचा मांडव अर्ध्या पैशात घातला.

धाब्यावाल्याचं आमच्यापेक्षा बरं. त्याच्याकडं कूपन असतंय, पांढरं शाकाहारी, लाल मटणाचं. तो रोजच्या रोज कूपन मोजून पैसे घेतोय. दहा वर्षांत त्यानं दुसरा मजला चढवला. माझे बारा बांबू अजून एका माजी आमदाराच्या गोठ्यात हायत.

डिपॉझिट

मी उभा राहिलो होतो. नगरपालिका, अपक्ष. कॉलेजात शिकवतो, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. पत्रकं छापली आणि दारोदार फिरलो. एकही दार आपटलं गेलं नाही. उलट खूप प्रेमाने बसवलं, पाणी दिलं. एक आजी म्हणाल्या, "सर, तुम्ही फार चांगले. शेवटच्या रात्री काही आणाल ना?" मी नाही म्हणालो. त्यांचा चेहरा पडला, माझ्या काळजीने! त्यांना वाटलं या माणसाकडे एवढेही नाहीत, मग हा आमच्या गटारीसाठी कुणाशी भांडणार? हे मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. पाकीट हा मताचा भाव असतो असं मी वर्गात शिकवत होतो. आमच्या वॉर्डात ती उमेदवाराची ऐपत तपासण्याची रीत होती.

"पैसे त्यांचे घेतो, मत तुम्हाला देतो" असं म्हणणारेही पुष्कळ भेटले. त्यातले निम्मे खरं बोलले असते तरी अनामत वाचली असती.

कोरा कागद

तालुक्याचा वार्ताहर होतो. पगार जवळपास नव्हताच, जाहिरातीवर कमिशन. निवडणूक लागली की वरून पॅकेजचं पत्रक यायचं: इतके दिवस, इतक्या बातम्या, एक मुलाखत, एक "झंझावाती दौरा". विरोधकाबद्दल काही छापायचं नसेल तर दर वेगळा. गप्प बसण्याचेही पैसे होते. २००९ च्या विधानसभेनंतर पेड न्यूजचा बोभाटा झाला. २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या, म्हणजे वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेच्या, दोघांच्या समितीने अहवाल दिला, पुढे जिल्ह्याजिल्ह्यात बातम्या तपासणाऱ्या समित्या आल्या. मग पॅकेज फेसबुक पेज चालवणाऱ्या पोरांकडे गेलं आणि मी किराणा दुकान टाकलं. एकाच दिवशी एकाच पानावर दोन उमेदवार "प्रचंड बहुमताने विजयी होणार" अशा दोन बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. दोन्ही बातम्यांत सुवासिनींनी औक्षण केलं होतं. वाक्यही तेच होतं.

माजी नगरसेविका

मी लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

महिला राखीव जागेवरून निवडून आले. विधान परिषदेची स्थानिक प्राधिकारी संस्थांची निवडणूक आली. तिथे मतदार म्हणजे आम्हीच, नगरसेवक आणि झेडपीचे सदस्य. अख्ख्या मतदारसंघात काहीशे माणसं, त्यामुळे एकेकाची किंमत किती हे सगळ्यांना पाठ असतं. आम्हाला "सहलीला" नेलं. मी पहिल्यांदा विमानात बसले ती तेव्हा. पाच दिवस समुद्राकाठच्या रिसॉर्टवर. आल्याआल्या मोबाईल काढून घेतले. घरी बोलायचं तर त्यांच्या माणसासमोर. जेवण उत्तम होतं, खोटं का सांगू! आम्ही बायका संध्याकाळी वाळूत बसायचो. त्यातली एक बारा वर्षं सदस्य होती. ती म्हणाली, "माहेरी सुद्धा मला कुणी पाच दिवस आयतं ताट दिलं नव्हतं."

रक्कम ठरली ती नवऱ्यांमध्ये. माझी किती ठरली ते मला आजवर माहीत नाही. मतदानाच्या दिवशी बसमधून थेट केंद्रावर. पसंतीचा आकडा टाकायला दिलेलं पेन आत गेल्यावर हातात घेतलं आणि वाटलं, या खोलीत मी एकटी आहे. पाच दिवसांत पहिल्यांदाच.

काय लिहिलं ते इथे सांगणार नाही. घरी आले तर अंगणात नवी बुलेट.

उंबरा

ताई, सलाम.

माझं छोटंसं. आमच्या गावात सरपंचपदाची बोली देवळात लागली, पैसा देवळाच्या कामाला जाणार म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची २ कोटी ५ लाखांची बोली आणि नंदुरबारच्या खोंडामळीची ४२ लाखांची, या दोन्ही चव्हाट्यावर आल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. आमची आली नाही, कारण कुणी व्हिडिओ काढला नाही. कळस मात्र सुरेख झालाय.

पीडीएफ

वरचे सगळे किस्से पाकिटांचे आहेत. मोठा पैसा आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही. मी पाहिला, पण कागदावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न होता पक्षाला देणगी द्यायचे कागद, घटनाबाह्य ठरवले. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती मिळाली नाही. १४ मार्चला आयोगाने दोन याद्या टाकल्या: एक रोखे घेणाऱ्यांची, एक वटवणाऱ्या पक्षांची. दोन्हींना जोडणारा क्रमांक नाही. मी डेटाचंच काम करतो, शनिवार-रविवार तारखांवरून जुळवत बसलो. एक कोटीच्या रोख्यांच्या रांगाच रांगा. क्रमांक २१ मार्चला आले तेव्हा माझा अंदाज बराचसा चुकला होता. बायको म्हणाली, "तुला काय करायचंय, तुझं नाव आहे का त्यात?" नव्हतं. एक हजाराचाही रोखा मिळायचा, हे मला ती योजना बंद पडल्यावर कळलं.

मांडवी

गोव्यातून. आमचे मतदारसंघ एवढे लहान की उमेदवार घरातल्या म्हाताऱ्याच्या गोळ्यांची नावंही जाणतो. इथे पाकिटाआधी चवथीचं (गणेश चतुर्थीचं) सामान येतं, शाळेची फी येते, वर्षभर येत राहतं. त्याला कुणी लाच म्हणत नाही, "तो करता" (तो आमचं करतो) म्हणतात. इथे विधानसभेला खर्चाची मर्यादा २८ लाख, पण ती प्रचाराची. चार वर्षं "करण्याची" नोंद कुठल्या रजिस्टरात करणार?

न्यू जर्सी

इथे दोनशे डॉलरच्या वर देणगी दिली की नाव, गाव, धंदा सगळं सरकारी संकेतस्थळावर. मी शेजाऱ्याचं शोधलं आणि दोन आठवडे त्याच्याशी नीट बोलता आलं नाही. मात्र २०१० च्या इथल्या न्यायालयाच्या निकालानंतर सुपर पॅकना, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचार करणाऱ्या संस्थांना, कितीही पैसा घेता येतो. म्हणजे शेजाऱ्याचे अडीचशे दिसतात, अब्जाधीशाचे संस्थांच्या आडून फिरून येतात.

ऊसकरी

वय ७१. २००९ ला हातकणंगल्यात आम्ही "एक व्होट, एक नोट" केलं. शेतकरी नेते राजू शेट्टींसाठी. (नाव टाकतोय, चांगलं आहे म्हणून चालेल ना?) सभेत फडकं फिरायचं, त्यात दहाच्या, वीसच्या नोटा. रात्री आम्ही चौघं दिव्याखाली सरळ करत बसायचो. घामाने ओल्या झालेल्या असायच्या. पैसे दिलेला माणूस मतदानाला येतोच, आणि चार जणांना घेऊन येतो. माणसं निवडून आणणं आम्हाला जमलं. पुढच्या निवडणुकांत फडकं कमी फिरलं आणि गाड्या वाढल्या, ते का झालं यावर आम्ही चौघं अजून भांडतो. त्यातले दोघं आता नाहीत.

बाकावरचा

धागाकर्त्या ताई, आजीचं राहिलं. पुढच्या निवडणुकीला पाच मतांचं पाकीट आलं का?

धागाकर्ती

आलं. मोजून पाचांचं. आजी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते, पण यादीतलं नाव कुणी कमी केलं नव्हतं. पोरगा तोच. आईने एक नोट काढून त्याला परत दिली. तो म्हणाला, "काकू, असू द्या, वर हिशोब पाचाचाच दिलाय."