युसेबियोला सालाझारचं बाहुलं म्हणणाऱ्यांना काही प्रश्न

तळेगावचा लेफ्टआउट (धागाकर्ता)

परवा फुटबॉलच्या गप्पांत 'मीमांसक' यांनी लिहिलं की मोझांबिकमध्ये जन्मलेला, पोर्तुगालकडून खेळलेला फुटबॉलपटू युसेबियो म्हणजे पोर्तुगालच्या सालाझारच्या हुकूमशाहीचं बाहुलं. त्याचा मोझांबिकचाच संघसोबती कोलुना मायदेशी परतला, हा मात्र लिस्बनमध्ये मानमरातब घेत राहिला. ज्या राजवटीने गोवा सोडायला नकार दिला तिच्या खेळाडूचे गोडवे मराठी माणसाने गावेत ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असंही वर. ते वाचून रात्री झोप लागली नाही. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून वेगळा धागा.

हा मुलगा माफालालाचा. लोरेंसु मार्किश, म्हणजे आजचं मापुतो, मोझांबिक या तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीची राजधानी, तिथली लाकडापत्र्याच्या घरांची काळ्यांची वस्ती. वडील रेल्वेत, धनुर्वाताने गेले तेव्हा हा आठ वर्षांचा. चिंध्यांच्या चेंडूने अनवाणी खेळत मोठा झाला. डिसेंबर १९६० मध्ये अठराव्या वर्षी लिस्बनला आला, तर बेनफिका आणि स्पोर्टिंग या तिथल्या दोन क्लबांत त्याच्यावरून जुंपलेली. स्पोर्टिंगवाल्यांनी पळवू नये म्हणून बेनफिकाने त्याला दक्षिणेत अल्गार्वला नेऊन लपवलं. नोंदणी व्हायला मे १९६१ उजाडला. त्या महिन्यांत या पोराचं मत कुणी विचारलं असेल? ज्या कायद्याने आफ्रिकेतल्या बहुसंख्य काळ्या माणसांना नागरिक मानलंच नव्हतं, तो कायदा रद्द झाला सप्टेंबर १९६१ मध्ये. पुढच्याच महिन्यात हा पोर्तुगालकडून पहिला सामना खेळला.

मग त्याने कुणाकडून खेळायचं होतं? मोझांबिक स्वतंत्र झाला २५ जून १९७५ ला. तेव्हा हा तेहेतीस वर्षांचा, गुडघ्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या. शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना १९७३ मध्येच खेळून झालेला.

आणि खेळ बघा हो एकदा! २३ जुलै १९६६, इंग्लंडमधला विश्वचषक, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क मैदान, उत्तर कोरिया पंचविसाव्या मिनिटाला ३-० ने पुढे. याने पहिला गोल मारला आणि नाचत बसला नाही, जाळ्यातला चेंडू काखोटीला मारून मध्यरेषेकडे पळत सुटला. पुढे डावीकडून मुसंडी मारली तेव्हा त्याला आडवा पाडला, मैदानावरच उपचार झाले, आणि उठून ती पेनल्टी त्यानेच मारली. एकट्याचे चार गोल, सामना ५-३. ते चित्रण मी माझ्या अकादमीतल्या मुलांना दरवर्षी दाखवतो. हुकूमशहाने चावी दिलेलं बाहुलं असं खेळतं का?

मीमांसक

खेळ मोठा नव्हता असं मी कुठे म्हटलं? माझा मुद्दा वापराचा आहे. १९६६ च्या त्या संघात कर्णधार कोलुना, युसेबियो, इलारियो, व्हिसेंट असे चौघे मोझांबिकमध्ये जन्मलेले. 'आमच्याकडे वसाहती नाहीत, समुद्रापलीकडचे प्रांत आहेत, सगळे वंश एक आहेत' हे सालाझार जगाला सांगत होता आणि पुरावा म्हणून हा संघ दाखवत होता. त्याच वेळी, सप्टेंबर १९६४ पासून, मोझांबिकमध्ये फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं. पोर्तुगीज सैन्य युसेबियोच्याच लोकांवर गोळ्या झाडत होतं.

बरं, १९६६ ला तोंड उघडता आलं नसेल, मान्य. २५ एप्रिल १९७४ ला राजवट कोसळली. तो गेला जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत काय अडचण होती? कोलुना मोझांबिकला परतला, तिथल्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला, मंत्रीही झाला. याने राजकारणाला हात लावला नाही तो नाहीच. अकादमीतल्या मुलांना हेही दाखवा.

गिरगावची

मीमांसक यांच्याशी सहमत, आणि माझ्याकडे पुस्तकी कारण नाही. आमच्या चाळीत एक गुजराती आजोबा होते, त्यांचं मोझांबिकमधल्या बैरा शहरात कापडाचं दुकान होतं. डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं आणि त्याचा राग सालाझारने मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. वड्याचं तेल वांग्यावर. भारतीय नागरिक होते त्यांना छावण्यांत कोंडलं, मालमत्ता गोठवली, मग देशाबाहेर घालवलं. आजोबा मुंबईला आले ते दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तो जुडगा पाटावर मांडायचे. त्यांच्या घरी टीव्हीवर पोर्तुगालचा सामना लागला की ते उठून गॅलरीत जायचे. मला युसेबियोचे गोल दाखवू नका.

तळेगावचा लेफ्टआउट

ताई, आजोबांचं दुःख खरं आहे, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. पण ती छावणी युसेबियोने उघडली नव्हती.

गिरगावची

मी कुठे म्हटलं त्याने उघडली? त्या झेंड्यासाठी तो मैदानावर रडला. १९६६ ची उपांत्य फेरी हरल्यावर शर्टाने डोळे पुसतानाचा फोटो सगळ्या जगाने पाहिला. आजोबांचे अश्रू कुणी पाहिले?

रात्रपाळी

तो सामना पोर्तुगाल हरला कारण तो गुडिसन पार्कऐवजी लंडनच्या वेम्ब्लीला ठेवला. थकलेल्या संघाला रेल्वेने लंडन गाठावं लागलं आणि इंग्लंड आपल्या घरी खेळलं. यावर मात्र कुणी धागा काढत नाही.

दुसरं, सालाझारने त्याला 'राष्ट्रीय ठेवा' ठरवून इटलीला जाऊ दिलं नाही, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण १९६६ ला उत्तर कोरियाकडून हरल्यावर इटलीने बाहेरच्या खेळाडूंना दारंच बंद केली, हे कुणी लिहीत नाही. सालाझारने परवानगी दिली असती तरी इंटर मिलानचा सौदा अडकलाच असता. दोन्ही बाजूंनी जरा वाचून लिहा.

तळेगावचा लेफ्टआउट

इटलीची बंदी खरी. पण इटलीतल्याच युव्हेंटस क्लबला तो त्या बंदीच्या आधीपासून हवा होता, तेव्हा दारं उघडी होती. आणि बाहेर जाऊ नये म्हणून त्याला लष्करी सेवेत घातलं, ती काही त्याने हौसेने केली नव्हती. इटलीतल्या पैशाने त्याचं आयुष्य बदललं असतं. ज्याला देश विकत नाही आणि सोडतही नाही, त्याला तुम्ही देशाचा लाभार्थी म्हणता?

सह्यकडा

मूळ आजार वेगळाच आहे. साठ वर्षं झाली तरी गोव्यात पोर्तुगालचं वेड गेलेलं नाही. विश्वचषक आला की गल्लीगल्लीत त्यांचे झेंडे. फुटबॉलही म्हणे त्यांनीच दिला. आणि पासपोर्टसाठी रांगा लावणारे वेगळेच. सैनिकांनी रक्त सांडून गोवा सोडवला, हे चालले लिस्बनला.

साष्टीकार

उचलली जीभ लावली टाळ्याला. पहिलं म्हणजे, गोव्यात फुटबॉल आणला तो १८८३ साली शिवोलीत एका ब्रिटिश पाद्र्याने, फादर लायन्सने. पोर्तुगिजांनी नव्हे. दुसरं, विश्वचषकात ब्राझीलचे झेंडे जास्त असतात, येऊन बघा.

तिसरं, पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्या गोंयकाराला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व मिळतं. तो त्यांच्या कायद्याने दिलेला हक्क आहे. माझा बाप तारवटी, आयुष्य बोटीवर गेलं. भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो. त्याला पोर्तुगीजचं एक वाक्य येत नाही आणि सालाझार कोण तेही त्याला सांगावं लागेल. मडगावात पोट भरेल अशी नोकरी मिळाली असती तर गेला नसता. तुमच्या पुण्यातली पोरं अमेरिकेचं नागरिकत्व घेतात तेव्हा पेढे वाटता, आमचा गेला की देशद्रोही?

सह्यकडा

अमेरिकेने पुण्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं नव्हतं. फरक आहे. ज्याने तुमच्या पूर्वजांची देवळं पाडली त्याचंच नागरिकत्व?

साष्टीकार

इंग्रजांनी राज्य केलं ना? लंडनला स्थायिक झालेल्या मराठी माणसांना हा प्रश्न विचारलात कधी? आणि देवळांचं मला शिकवू नका. आमच्या घराण्याचा देव साष्टीतून खाडीपलीकडे न्यावा लागला, अजून आम्ही तिथे जत्रेला जातो. भाऊही स्विंडनहून पैसे पाठवतो जत्रेसाठी.

गिरगावची

सह्यकडा, मी गोव्याच्या लोकांबद्दल काही बोलले नव्हते. माझ्या आजोबांच्या गोष्टीचा आधार घेऊन कुणाच्या पोटावर पाय देऊ नका.

सह्यकडा

ठीक आहे, गोदामात राबणाऱ्याला बोलत नाही. पण इथला मतदानाचा हक्क सोडून जाणाऱ्याला त्याची किंमत कळावी, एवढं माझं म्हणणं राहणारच.

साष्टीकार

ती किंमत भावाने चुकवली आहे. भारताचा पासपोर्ट परत केला त्या दिवशी आई जेवली नव्हती. तुमचं 'ठीक आहे' तुमच्यापाशी ठेवा.

सियू सात

इतकी भांडणं कशाला? गोलांचा हिशोब काढला तर रोनाल्डोपुढे युसेबियो कुठे आहे?

रात्रपाळी

युसेबियोचे ६४ सामन्यांत ४१ गोल. सरासरी काढून बघा आणि मग बोला. शिवाय रोनाल्डोच्या गुडघ्यांना जे उपचार मिळतात ते त्या काळी कुणालाच मिळत नव्हते.

तळेगावचा लेफ्टआउट

मूळ मुद्द्यावर येतो. मीमांसक, चाळीस वर्षं गप्प का, असं विचारलंत. तो माफालालाच्या मातीचं नाव घ्यायला कधी लाजला नाही. मोझांबिक आणि पोर्तुगाल दोन्ही आपले मानत आला. लिस्बनला येताना आईने कोलुनासाठी चिठ्ठी दिली होती, माझ्या पोराकडे लक्ष ठेव म्हणून. त्या कोलुनाला तो शेवटपर्यंत वडिलांच्या जागी मानत होता. दोघांनी वेगळे रस्ते धरले. एकाला मोठा करायला दुसऱ्याला लहान का करायचं?

आणि मानमरातब म्हणाल तर १९७५ मध्ये बेनफिका सुटल्यावर हा माणूस बोस्टन, माँतेरे, टोरंटो, लास वेगास करत फिरला. दुखऱ्या गुडघ्यांनी. युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा १९६५ चा बॅलन डी'ओर मिळवलेला, बेनफिकाला अकरा लीग विजेतेपदं मिळवून देणारा खेळाडू पुढे पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत युनियाँव द तोमार या क्लबकडून खेळला. सुखात लोळणारा माणूस पस्तिशीत असं करतो? त्याला राष्ट्रीय पँथिऑनमध्ये, देशातल्या थोरांच्या समाधिस्थळी, नेलं ते २०१५ मध्ये, तो गेल्यावर.

मीमांसक

दुसऱ्या श्रेणीची गोष्ट माझ्या लिखाणात यायला हवी होती, एवढं म्हणा. बाहुल्याला इच्छा नसते, याला होती; तेव्हा 'बाहुलं' ऐवजी 'वापरला गेलेला' म्हणतो. पण इच्छा होती म्हणूनच गप्प राहण्याचा हिशोब लागतो. युद्धात मेलेल्या मोझांबिकी पोरांपैकी कुणीतरी त्याच्याच गल्लीत चिंध्यांच्या चेंडूने खेळलेलं असणार. त्यांच्याबद्दल एक वाक्य त्याच्याकडून हवं होतं, यावर मी ठाम आहे.

गिरगावची

मीही. पण लेफ्टआउट, ते उत्तर कोरियाचं चित्रण कुठे मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मुलगा मागे लागलाय.

तळेगावचा लेफ्टआउट

व्यनि केला आहे. पूर्ण सामना बघा, नुसते गोल नको. ३-० ने मागे असताना कोलुना चेंडू पायाखाली दाबून सगळ्यांना कसं शांत करतो तेही मुलाला दाखवा. मीमांसक, कोलुनावर तुम्ही लिहा. त्या धाग्यावर पहिला प्रतिसाद माझा.