नवीन जनुक मुळात येतं कुठून? आहे त्यातच बदल होतो ना?

कुतूहल_२१
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. उत्क्रांतीबद्दल काहीही वाचलं की म्युटेशन येतंच, म्हणजे डीएनएतलं एखादं अक्षर बदललं, गळलं किंवा जास्तीचं घुसलं, इथपर्यंत कळतं. पण हा झाला आहे त्या जनुकातला बदल. ई. कोलाय बॅक्टेरियात साधारण ४३०० जनुकं आणि माणसात प्रोटीन बनवणारी साधारण २० हजार, मग ही भर पडली कशी? आणि दुसरं म्हणजे समजा हिमोग्लोबिनचं जनुक बदलत बदलत वेगळंच काहीतरी बनवायला लागलं, तर मग हिमोग्लोबिन कोण बनवणार? तो जीव मधेच मरेल की. शाळेनंतर बायोलॉजीशी संबंध राहिलेला नाही, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

पेशीकेंद्र
प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, आणि तुमच्या दुसऱ्या शंकेतच पहिलीचं उत्तर दडलंय. मूळ जनुक कामात अडकलेलं असतं, त्याला हात लावता येत नाही, म्हणून आधी त्याची कॉपी होते आणि मग एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी बदलायला मोकळी. सुसुमु ओहनो नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० मधे ही कल्पना ठामपणे मांडली, त्याआधी काही जणांना सुचली होती पण त्याने ती मध्यवर्ती केली.

कॉपी होते कशी तर बऱ्याचदा चुकून. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र शेजारी शेजारी येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यात जोडी थोडी सरकून लागली की एकीकडे जनुक दोनदा येतं आणि दुसरीकडे गायब होतं. दुसरा मार्ग म्हणजे प्रोटीन बनवण्यासाठी जनुकाची जी आरएनए प्रत निघते तीच उलटी डीएनएत लिहिली जाऊन भलत्याच जागी चिकटते. अशी प्रत ओळखायला सोपी, कारण आरएनएमधून मधले निरुपयोगी तुकडे आधीच कापलेले असतात. डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या कुत्र्यांमधे पाय आखूड होण्यामागे एफजीएफ४ या जनुकाची अशीच एक जास्तीची प्रत आहे. आणि कधीकधी तर अख्खा जीनोमच, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, दुप्पट होतो, यीस्टच्या पूर्वजात साधारण १० कोटी वर्षांपूर्वी तसं झालं.

तुम्ही हिमोग्लोबिन म्हणालात तेच बघा. स्नायूतलं मायोग्लोबिन, हिमोग्लोबिनचं अल्फा, बीटा, आणि गर्भात असताना चालणारं गॅमा, ही सगळी एकाच जुन्या जनुकाच्या प्रतींपासून आलेली भावंडं. गॅमावालं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं म्हणून बाळाला आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो. आणि याच भावंडांच्या रांगेत मोडून पडलेल्या, काहीही न बनवणाऱ्या प्रतीही अजून तशाच पडून आहेत.

कुतूहल_२१
हे भारी आहे. पण थोडं अडलंय. कॉपी म्हणजे तीच वस्तू दोनदा ना, नवीन काय झालं त्यात? गॅमा काय बीटा काय, शेवटी ऑक्सिजनच वाहतात. ज्याचं काम पूर्णपणे वेगळं आहे असं काही उदाहरण आहे का?

मत्स्यवेडी
आहे आणि माझं सगळ्यात आवडतं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

अंटार्क्टिकाच्या समुद्राचं पाणी उणे १.९ अंशापर्यंत थंड असतं, खारट असल्यामुळे गोठत नाही एवढंच. पण सर्वसाधारण माशाचं रक्त समुद्रापेक्षा कमी खारट, ते उणे १ अंशाच्या आतबाहेरच गोठायला हवं. तरी तिथले नोटोथेनिऑइड गटातले मासे मजेत पोहतात, कारण त्यांच्या रक्तात बर्फाच्या बारीक कणांना चिकटून ते वाढू न देणारं एक प्रोटीन असतं. हे प्रोटीन आलं कुठून याचा छडा १९९७ मधे लागला, आणि निघालं काय तर ट्रिप्सिनोजेन! म्हणजे स्वादुपिंडात बनणारं, पचनाचं एन्झाइम. रक्ताशी काही घेणंदेणं नाही.

झालं असं की त्या पचनाच्या जनुकाच्या एका प्रतीत मधला मोठा भाग गेला. सुरुवातीचा तुकडा, जो प्रोटीनला पेशीबाहेर पाठवायची चिठ्ठी असतो, तो राहिला आणि शेवटचा भाग राहिला. आणि मधे काय आलं तर ९ अक्षरांचा एक छोटा तुकडा, थ्रिओनिन-अलानिन-अलानिन (अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतले मणी) एवढंच सांगणारा, तो पुन्हा पुन्हा छापला गेला, कितीतरी वेळा. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा अशा पुनरावृत्तीच्या जागी घसरते, त्यामुळे असले तुकडे वाढणं तसं सोपंच असतं. तेच तीन अमिनो आम्लांचं पालुपद, त्यावर साखरेचे रेणू टांगलेले, आणि ते बर्फाला चिकटतं.

मला यातला सगळ्यात सुंदर भाग वेगळाच वाटतो. नंतर अंटार्क्टिक टूथफिशमधे एक जनुक सापडलं ज्यात पचनाच्या एन्झाइमचा भाग पण आहे आणि अँटिफ्रीझचा पण. म्हणजे अर्धवट वाटेवरचं जनुक अजून तिथेच आहे. आणि पचनसंस्थेतूनच सुरुवात का, याचंही उत्तर पटण्यासारखं आहे: मासा पाण्याबरोबर बर्फाचे कण गिळतो, त्यामुळे आतड्यात गोठण्याचा धोका आधी, आणि स्वादुपिंडाचा माल तर थेट आतड्यातच जातो.

शंकासुर
कॉपीची गोष्ट ऐकायला छान आहे पण एक भोक आहे तिच्यात. मोकळी झालेली प्रत म्हणजे तिच्यावर कोणाचं लक्ष नाही. मग चांगला बदल येईपर्यंत दहा वाईट बदल येऊन ती मोडूनच जाईल ना? बदलांमधे मोडणारेच जास्त असतात. त्यापेक्षा नायलॉन खाणाऱ्या बॅक्टेरियाचं उदाहरण का देत नाही कोणी, तिथे म्हणे एक अक्षर जास्तीचं घुसलं, पुढची सगळी वाचनाची चौकट (डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचतात, ते गट) सरकली आणि एका झटक्यात नवंकोरं एन्झाइम तयार झालं.

पेशीकेंद्र
शंकासुर, पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि तो खरंच त्रास देणारा प्रश्न होता. बहुतेक प्रती मरतातच, काही दशलक्ष वर्षांत. जगतात त्या थोड्या. त्यांच्याबद्दल एक उत्तर असं की प्रत मोकळी नसतेच, पहिल्या दिवसापासून कामाला असते. बरीच एन्झाइमं मुख्य कामाबरोबर एखादं दुसरं काम हलक्या हाताने करत असतात. समजा परिस्थिती बदलली आणि ते जोडकामच महत्त्वाचं झालं, तर जनुकाच्या जास्त प्रती असणं हाच फायदा, कारण कच्चं काम करणारे का होईना पण हात वाढले. मग त्या गर्दीत एखादी प्रत सुधारते आणि बाकीच्या गळून जातात.

हे २०१२ मधे साल्मोनेला नावाच्या बॅक्टेरियावर प्रत्यक्ष करून दाखवलं. हिस्टिडिन बनवणाऱ्या साखळीतलं एक जनुक, बदलल्यामुळे ट्रिप्टोफॅनचं कामही जेमतेम करणारं, आणि ट्रिप्टोफॅनचं खरं जनुक काढून टाकलेलं. बॅक्टेरिया अशा माध्यमात वाढवले जिथे दोन्ही अमिनो आम्लं बाहेरून मिळत नाहीत. आधी प्रती वाढल्या, आणि ३००० पिढ्यांच्या आत काही वंशांमधे एक प्रत हिस्टिडिनची स्पेशालिस्ट, दुसरी ट्रिप्टोफॅनची. काही ठिकाणी एकच जनुक दोन्ही कामं बरी करायला शिकलं. म्हणजे नवीन जनुक जन्मताना लोकांनी बघितलंय.

नायलॉनचं मात्र दुरुस्त करतो, कारण ती गोष्ट फार फिरते. बॅक्टेरिया खरा आहे, १९७५ मधे जपानमधे नायलॉन कारखान्याच्या सांडपाण्यात सापडला. चौकट सरकल्याची कल्पना १९८४ मधे ओहनोनेच मांडली. पण नंतर त्या एन्झाइमची रचना बघितली तर ते बीटा-लॅक्टामेजसारख्या (पेनिसिलिन तोडणाऱ्या एन्झाइमसारख्या) दिसणाऱ्या एका जुन्या एस्टरेज, म्हणजे एस्टर नावाचे रासायनिक बंध तोडणाऱ्या, एन्झाइमांच्या कुटुंबातलं निघालं, मोजक्या अमिनो आम्लांच्या बदलाने नायलॉनचे तुकडे तोडायला लागलेलं. थोडक्यात तिथेही जोडकामवालीच गोष्ट आहे.

शंकासुर
मान्य. नायलॉनचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग नवंकोरं, कोणाचीच प्रत नसलेलं जनुक बनतच नाही असं म्हणायचं का?

मत्स्यवेडी
बनतं! आणि पुन्हा मासाच 😊 उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांमधेही अगदी तसंच अँटिफ्रीझ प्रोटीन आहे, तेच थ्रिओनिन-अलानिन-अलानिनचं पालुपद. पण त्याचं जनुक ट्रिप्सिनोजेनशी कुठेच जुळत नाही. २०१९ मधे दाखवलं गेलं की ते प्रोटीन न बनवणाऱ्या डीएनएतून तयार झालंय. दोन ध्रुव, दोन वेगळ्या वाटा, आणि पोचले एकाच ठिकाणी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत तेच डोक्यात होतं.

पेशीकेंद्र
याला जोडून. फ्रान्स्वा जाकोब या जीवशास्त्रज्ञाने १९७७ मधे लिहिलं होतं की शून्यातून चालणारं प्रोटीन बनायची शक्यता व्यवहारात शून्यच, आणि बरीच वर्षं सगळे तेच धरून चालले. २००६ मधे फळमाशीत असली जनुकं सापडली तेव्हा चित्र पालटलं. गणित केलं तर इतकं अशक्य वाटत नाही. तीन अक्षरांचा एक गट म्हणजे कोडॉन, अशा ६४ कोडॉनपैकी ३ ‘थांब’ सांगणारे, म्हणजे कुठल्याही आडव्यातिडव्या डीएनएत सरासरी २१ कोडॉननंतर थांबा येतो. तरी सलग १०० कोडॉन थांबा न येण्याची शक्यता शंभरात एकाच्या थोडी खालीच, आणि अब्जावधी अक्षरांच्या जीनोममधे अशा जागा ढिगाने निघतात. पेशी तशीही नको तिथले आरएनए छापत असते. फळमाशीतली ती नवी जनुकं बहुतेक वृषणात चालू होती, तिथे डीएनए बराच उघडा असतो आणि छपाई सैल. बहुतेक असले तुकडे येतात आणि जातात, एखादा कामाला येतो तो टिकतो.

कुतूहल_२१
पण हे नवीन आहे हे कळतं कसं? कदाचित सगळ्यांकडे होतं आणि बाकीच्यांनी हरवलं असेल?

पेशीकेंद्र
छान पकडलंत. त्यासाठी जवळच्या प्रजातींमधे नेमकी तीच जागा शोधतात, शेजारची जनुकं ओळखीची असतात त्यामुळे जागा सापडते. माणसातल्या अशा ३ जनुकांवर २००९ मधे काम झालं. चिंपांझी आणि इतर माकडवर्गात तोच डीएनए आहे, पण वाचता येणार नाही असा, आणि बिघाडाचं अक्षर सगळ्यांमधे एकच. सगळ्यांनी स्वतंत्रपणे नेमकं तेच अक्षर बिघडवलं असं मानण्यापेक्षा पूर्वजातच तसं होतं आणि माणसाच्या वंशात ते जुळलं, हे जास्त सरळ.

रंगहीन
उशिरा आलो पण हा विषय माझ्या जवळचा आहे, मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. डोळ्यातल्या लाल आणि हिरव्या प्रकाशाच्या प्रोटीनची जनुकं एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी आहेत, ३६४ अमिनो आम्लांपैकी फरक जेमतेम १५ चा. म्हणजे प्रतच. तीनेक कोटी वर्षांपूर्वी आपल्या माकड पूर्वजात ही कॉपी झाली म्हणून माणसाला पिकलेलं फळ पानात उठून दिसतं. आणि दोन्ही इतकी सारखी व शेजारी असल्यामुळेच वर सांगितल्याप्रमाणे जोडी सरकून लागायची चूक अजून होत राहते, कोणाचं एक जनुक गायब, कोणाची दोन्ही मिसळलेली. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे भरपाई नाही. ज्या चुकीने सगळ्यांना हा रंग मिळाला तीच माझ्याकडून तो घेऊन गेली, हे कळल्यापासून मला त्याबद्दल वाईट वाटायचं कमी झालंय.

कुतूहल_२१
रंगहीन, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. शेवटचा प्रश्न, फक्त माणसात असलेलं आणि खरंच महत्त्वाचं काम करणारं एखादं आहे का?

पेशीकेंद्र
एआरएचगॅप ११बी. साधारण ५० लाख वर्षांपूर्वी, आपला वंश चिंपांझीपासून वेगळा झाल्यानंतर, एका जनुकाची अर्धवट कॉपी झाली. पुढे त्या प्रतीत एकच अक्षर बदललं, सी चं जी, त्यामुळे आरएनए कापायची जागा सरकली, ५५ अक्षरं गळली, चौकट सरकली आणि प्रोटीनला ४७ अमिनो आम्लांची पूर्ण नवी शेपटी आली. शंकासुर, नायलॉनमधे जे झालं नव्हतं ते इथे खरंच झालंय. हे प्रोटीन गर्भाच्या मेंदूतल्या मूळ पेशींना जास्त वेळा विभागायला लावतं. २०२० मधे मार्मोसेट माकडाच्या गर्भात ते घातलं तेव्हा मेंदूचं बाहेरचं आवरण मोठं झालं आणि एरवी गुळगुळीत असणाऱ्या पृष्ठभागावर घड्या पडायला लागल्या. आज हे जनुक फक्त आपल्याकडे आहे, पण निअँडरथल आणि डेनिसोव्हन या नामशेष झालेल्या मानवांमधेही होतं, त्यांच्या हाडांतून काढलेल्या डीएनएत ते सापडलंय.