मदत हवी आहे: आईला कोणते अभंग ऐकवू?

मंडळी, आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले, घरात पंढरीची वारी. मार्गशीर्षात माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून आईनं (वय ६८) हरिपाठ सोडलाय. गळ्यातली तुळशीची माळ काढून खुंटीला अडकवली आहे. तिथून ती कुणाला हलवू देत नाही आणि स्वतःही हात लावत नाही. "विठोबाला माझं पोर दिसलं नाही काय?" एवढंच विचारते.

एकादशीला भजनी मंडळाच्या बायका येऊन बसतात, ते तिला बरं वाटतं. मोबाईलवर दोन कीर्तनं लावली, पण दोन्हींत 'संसार नश्वर, शोक करू नये' आलं आणि ती उठून आत गेली. मला तिचं पटतं. पोर गेलेल्या आईला ज्ञान नको असतं. 'जेथे जातो तेथे तू माझा सांगाती' मात्र शेवटपर्यंत ऐकला. 'चालविसी हाती धरूनिया' आलं तेव्हा पदर डोळ्यांना लावला. तुकोबांचीही बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, हे सांगितल्यावर म्हणाली, "मग त्यांना कळतंय."

डॉक्टरांना दाखवलंय, औषध चालू आहे. मोतीबिंदूमुळं वाचता येत नाही, ऐकवावंच लागतं. कन्नड बाजारापुरतंच येतं, म्हणून मराठीच हवं.

देव जवळ येऊन सांभाळतो, पण रडू नको म्हणत नाही, असे तुकोबा, नामदेव, जनाबाईंचे आणखी कोणते अभंग आहेत? पहिली ओळ दिली तरी मी शोधेन. आणि जाणत्या माळकऱ्यांना विचारतो, माळेचा विषय मी काढू, की तिचा हात आपणहून खुंटीकडं जाईपर्यंत थांबू?