मल्टी शेल ड्वेलर: पाणी बदलल्यावर पिल्लं मरतात, मदत हवी आहे

मंडळी, देवगडला दोन फुटी टाकी आहे, पाणी साधारण ४५ लिटर. त्यात फक्त मल्टीफॅसिएटस (आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले, रिकाम्या शंखात राहणारे छोटे मासे), मोठे सहा. खाली ५ सेंमी बारीक धुतलेली वाळू, वर वीसेक शंख. स्पंज फिल्टर. तापमान २६-२७.

पाणी जांभ्यातल्या विहिरीचं, म्हणजे अगदी मऊ: पीएच ६.२, केएच (कार्बोनेटचा कठीणपणा) १, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा एकूण कठीणपणा) २. आधी फिल्टरमध्ये कालवांच्या शिंपल्यांचा चुरा घातला, पीएच ७.६ वर अडकला. (त्यापुढे चुरा विरघळतच नाही म्हणा ना.) आता दर १० लिटरला अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा आणि ३ ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून बादलीत २४ तास हवा सोडतो. टाकी आणि बादली दोन्हीकडे पीएच ८.१-८.२, केएच ९, जीएच ८-९. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०.

मोठे मासे ठणठणीत, अंडी-पिल्लंही होतात. पण आठवड्याला १० लिटर बदललं की दुसऱ्या दिवशी शंखाच्या तोंडाशी ६-७ मिमीची तीन-चार पिल्लं मेलेली. खाल्लेली नाहीत, अख्खी. पाणी बारीक नळीने अर्ध्या तासात सोडून पाहिलं, तापमान जुळवलं, फरक नाही. बदल न केलेल्या आठवड्यात एकही मेलं नाही.

माझा संशय कॅल्शियमवर, कारण जीएच जवळजवळ सगळा एप्समचा. टांगानिकात मॅग्नेशियमच जास्त असतं हे मान्य, पण इतकं एकतर्फी? तयार टांगानिका सॉल्ट इथे मिळत नाही, कुरिअरने परवडत नाही.

कॅल्शियम क्लोराइड घालावं का, १० लिटरला किती, आणि सोड्याबरोबर बादलीत पांढरा साका न बसता ते कोणत्या क्रमाने मिसळता?