दोन हॉटप्लेट, एक पातेलं, एक पॅन: दोघांचं जपानी जेवण कसं बसवायचं?

अर्धा_कप्पा

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातलं सामायिक स्वयंपाकघर. जुन्या पद्धतीच्या दोन इलेक्ट्रिक हॉटप्लेट आहेत आणि संध्याकाळी सात ते आठमध्ये त्यातली एक कुणीतरी मागणार, हे धरूनच चालायचं. भांडी: जाड बुडाचं दोन लिटरचं पातेलं (झाकण घट्ट बसतं), २४ सेंमीचा पॅन (झाकण नाही, पण ताटली बसते), केटल, चहाची गाळणी, वजनकाटा. मायक्रोवेव्ह आहे. राइस कुकर नाही. फ्रिजमधला अर्धा कप्पा आमचा.

मी आणि एक मित्र मिळून रात्री आठला जेवायला बसायचं ठरतंय. बेत असा: भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) सूप, ओयाकोदोन (रश्श्यात शिजवलेलं चिकन-अंडं भातावर), काकडीचं सुनोमोनो (व्हिनेगरमधली कोशिंबीर). अडचणी दोन. मित्र अंडी खातो, पण मांस-मासे नाही. आणि दारू दोघांनाही चालत नाही, मग मिरिनचं (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) काय? शिवाय पातेल्यात चिकट भात नीट होतो का, दाशी (सूप-रश्श्याचं मूळ चवदार पाणी) पावडरची घ्यावी की घरी करावी, आणि कशानंतर काय करायचं, हे सगळं सांगा. नेमकी मापं दिलीत तर फार बरं.

---

मंद_आच

भाताचं सांगतो. बाकी एखादा पदार्थ थोडा फसला तरी चालेल, भात फसला तर जेवणच फसतं.

तांदूळ आखूड दाण्याचा, जॅपोनिका. पाकिटावर ‘सुशी राइस’ लिहिलेला चालतो, तो साधाच तांदूळ असतो, त्यात व्हिनेगर वगैरे काही नसतं. मोचीचा (चिकट गोळ्यांच्या मिठाईचा) तांदूळ मात्र उचलू नका, त्याचा दाणा पांढराफट्ट आणि अपारदर्शक दिसतो. लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज (दाणे सुटे ठेवणारा स्टार्च) जास्त असतं, त्यामुळे कितीही पाणी घातलं तरी तो चॉपस्टिक्सने उचलण्याइतका धरून राहत नाही, फक्त गिचका होतो.

मापाची एक खोच आहे. जपानी कृतीत तांदळाचा ‘कप’ १८० मिलीचा असतो (साधारण १५० ग्रॅम) आणि बाकी सगळ्याचा २०० मिलीचा. तोच कप २४० मिलीचा धरला की सगळं बिघडतं. तुमच्याकडे काटा आहे, तेव्हा कप विसरा.

३०० ग्रॅम तांदूळ घ्या. पहिलं पाणी घालून दोनदा हात फिरवा आणि लगेच ओतून द्या. कोरडा दाणा पहिलं पाणीच सगळ्यात झपाट्याने पितो, ते रेंगाळलं की कोंड्याचा वास आत जातो. मग बोटांनी हलके घोळून तीन पाणी. पाणी अगदी नितळ व्हायची वाट बघू नका, खालचा दाणा धूसर दिसायला लागला की पुरे. नीट निथळून तांदूळ पातेल्यात घाला, पातेलं काट्यावर ठेवा आणि भांड्याचं वजन वगळून तांदूळ आणि पाणी मिळून ७५० ग्रॅम होईपर्यंत पाणी घाला. धुताना शोषलेलं पाणी त्यात आपोआप मोजलं जातं. नुसतं ‘दीडपट पाणी’ घातलं की भात मऊ पडतो तो इथेच.

अर्धा तास भिजू द्या. भिजलेला दाणा पांढरा दिसतो. हे टाळलंत तर बाहेरून मऊ, आत कणी.

आता हॉटप्लेट. बटण कमी केलं तरी ती पाचेक मिनिटं तापलेलीच राहते. भात उतू जातो आणि बुडाला करपतो, दोन्ही त्यामुळेच. म्हणून दुसरी प्लेट आधीच मंदावर तापवून ठेवा. मध्यम-मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटांत उकळी येईल, झाकण थडथडेल. तसं झालं की पातेलं उचलून मंद प्लेटवर. तिथे १२ मिनिटं. मग खाली उतरवून लाकडी पाटावर किंवा दुमडलेल्या फडक्यावर १० मिनिटं. या २२ मिनिटांत झाकण उघडायचं नाही, ‘बघू तरी’ म्हणूनही नाही. शेवटी उलथनं ओलं करून भात उभा कापत खालून वर करा. गोल ढवळलात तर दाणे चेंगरतात.

साधारण ६६०-६८० ग्रॅम भात होईल. दोन मोठ्या वाडग्यांना २५० ग्रॅमप्रमाणे ५००, उरलेला दुसऱ्या दिवसाला.

---

नितळ_रस्सा

मित्रासाठी दाशी घरीच करा. बाजारातल्या बहुतेक दाशी पावडरींत बोनिटो मासा असतो. आणि इथे बरेच जण फसतात ते असं की काही मिसोमध्येही दाशी आधीच मिसळलेली असते. डब्यावर ‘दाशी-इरी’ असेल तर तो बाजूला ठेवा. घटकांची यादी वाचायचीच. सोय सॉस वेगळा, पण ‘मेन्त्सुयु’ किंवा ‘दाशी-शोयु’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत मासा असायची शक्यता मोठी.

शाकाहारी दाशी: ७०० मिली थंड पाणी, ८ ग्रॅम कोम्बू (वाळवलेलं समुद्री शेवाळ), ३ सुके शिताके मशरूम (१० ग्रॅमच्या आसपास). बाटलीत भरून रात्रभर फ्रिजमध्ये. बस. गॅस नाही, प्लेट नाही, कुणाशी भांडण नाही. दुसऱ्या दिवशी गाळून ६०० मिलीपेक्षा थोडी जास्त मिळते. कोम्बूवरची पांढरी भुकटी बुरशी नाही, ते मुख्यतः मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ) असतं. धुऊ नका, माती दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसा.

घाईने कोम्बू खळखळा उकळू नका. रस्सा बुळबुळीत होतो आणि कडवट वास येतो. तापवायचाच असेल तर मंद आचेवर, भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की कोम्बू बाहेर. शिताकेही कढत पाण्यात भिजवू नका, थंड पाण्यात सावकाश भिजवलेल्याची चव फार वरची.

दोन्ही एकत्र का, तर चव भरणारे दोन पदार्थ त्यांत आहेत: कोम्बूत ग्लुटामेट (किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बूतूनच ते वेगळं काढलं) आणि शिताकेत ग्वानिलेट. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त भरते. नुसत्या कोम्बूची दाशी फिकी वाटते ती म्हणून.

सूप, दोघांचं: ३५० मिली दाशी, १५० ग्रॅम मऊ तोफू दीड सेंमीच्या तुकड्यांत, सुकी वाकामे (हेही समुद्री शेवाळच) एक छोटा चमचा, मिसो २५ ग्रॅम. वाकामे फुगून दसपट होते, मूठभर टाकलीत तर सूपच्या जागी भाजी होईल. तोफू गरम झाला की आच बंद. मिसो चहाच्या गाळणीत घ्या, गाळणी रश्श्यात अर्धी बुडवून चमच्याने विरघळवा, गुठळी राहत नाही. त्यानंतर उकळी नाही, मिसोचा सुगंधच उडतो. २५ ग्रॅम हे नेहमीच्या मिसोचं माप. क्योतोकडचा गोड पांढरा साइक्यो मिसो बराच कमी खारट असतो, तो याच मापाने घातलात तर सूप मिळमिळीत लागेल.

बाटलीवर नाव, तारीख आणि ‘खायचं आहे’ असं लिहा. फिकट तपकिरी पाणी आणि त्यात काहीतरी तरंगतंय, हे पाहून सामायिक फ्रिजमध्ये कुणीही ते ओतून देईल.

---

उभा_कांदा

एका पॅनमध्ये चिकनचं आणि बिनचिकनचं ओयाकोदोन होत नाही, रस्सा एकच असतो. दोन वेळा करायचं तर पॅन मध्ये धुवा, तोवर पहिला वाडगा थंड. त्यापेक्षा दोघांसाठीही किनुगासा-दोन करा. क्योतोचाच प्रकार आहे: चिकनच्या जागी आबुराआगे, म्हणजे तळलेल्या तोफूचे पातळ तुकडे, आणि हिरवी पात. तंत्र तेच. आणि कच्च्या चिकनची सुरी, पाट, सिंक ही सामायिक ओट्यावरची कटकटही वाचते.

दोघांसाठी: आबुराआगे २ तुकडे, पातीचा कांदा ८०-१०० ग्रॅम, साधा कांदा अर्धा, अंडी ४, दाशी २०० मिली, सोय सॉस २ मोठे चमचे (१५ मिलीचे), साखर १ मोठा चमचा.

मिरिन यातच आटोपलंय. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असतं आणि थोड्या वेळच्या उकळीने ते पूर्ण जात नाही. ‘मिरिन-फू’ म्हणून जे मिळतं त्यात एक टक्क्याहून कमी असतं, पण शून्य नाही. एका मोठ्या चमचा मिरिनऐवजी एक छोटा चमचा साखर आणि तेवढंच पाणी किंवा दाशी, हा हिशेब. चकाकी थोडी कमी येते, चवीत फार अडत नाही. सोय सॉसच्या बाटलीवरही नजर टाका, टिकण्यासाठी काहींत अल्कोहोल घातलेलं असतं. आणि हलक्या रंगाचा उसुकुची सोय सॉस कमी खारट असेल असं समजू नका, नेहमीच्या कोइकुचीपेक्षा तो जास्त खारट असतो.

आबुराआगेवर केटलमधलं उकळतं पाणी ओता, दाबून तेल काढा, एक सेंमीच्या पट्ट्या कापा. ही पायरी गाळली तर वर तेलाचा तवंग येतो आणि रस्सा आत मुरत नाही. दाशी, साखर, सोय पॅनमध्ये उकळा, उभा चिरलेला कांदा घालून चार मिनिटं, मग आबुराआगे तीन मिनिटं, शेवटी तिरकी कापलेली पात एक मिनिट. कांद्याच्या खांद्यापर्यंत रस्सा असावा. पॅन मोठा असल्याने तो पटकन आटतो, आटला तर दाशीचे दोन चमचे घाला, साधं पाणी नको.

अंडी फार फेटू नका. चॉपस्टिक्सने दहा-बारा वेळा कापल्यासारखी, पांढऱ्याच्या रेषा दिसत राहायला हव्यात. पूर्ण एकजीव केली की आम्लेटसारखा एकसुरी थर बसतो. रस्सा खळखळत असतानाच दोन तृतीयांश अंडं, जिथे बुडबुडे येताहेत तिथे बारीक धारेने. रस्सा निवालेला असेल तर अंडं खाली विरघळून सगळं गढूळ होतं. ताटली झाकून ४० सेकंद, मग उरलेलं अंडं, पुन्हा झाकण, आणि पॅन प्लेटवरून उचला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वर मंद_आच यांनी सांगितलंय तेच कारण.

---

अर्धा_कप्पा

हे फारच कामाचं आहे. किनुगासा-दोन पक्कं. तीन शंका: अंडं अर्धं कच्चं ठेवणं सुरक्षित आहे का? दुसरी प्लेट मिळालीच नाही तर सूप कुठे करायचं, पातेल्यात तर भात असेल? आणि सुनोमोनो कधी?

---

उभा_कांदा

जपानमध्ये अंड्यावरची तारीख कच्चं खाण्याच्या हिशेबाने दिलेली असते, म्हणून तिथे ते चालतं. इतर ठिकाणी अंडं पाश्चराइझ केलेलं नसेल तर दुसऱ्या धारेनंतर झाकण ठेवून आचेवरच दीड-दोन मिनिटं जाऊ द्या, कुठे ओलं दिसायला नको. मऊपणा दोन वेळा ओतण्यातून येतो, तो तरीही बराचसा टिकतो.

---

नितळ_रस्सा

सूपला प्लेट लागतच नाही. दोन वाडग्यांत दाशी वाटून, तोफू-वाकामे घालून मायक्रोवेव्हमध्ये ६०० वॉटला दोन्ही मिळून तीन-साडेतीन मिनिटं. मग प्रत्येकात १२ ग्रॅम मिसो गाळणीतून. चव तीच.

सुनोमोनो: २०० ग्रॅम काकडी दोन मिलिमीटर जाडीची, अर्धा छोटा चमचा मीठ चोळून दहा मिनिटं, मग मुठीत घट्ट पिळा. तांदळाचं व्हिनेगर २ मोठे चमचे, साखर १ मोठा चमचा, सोयचे दोन-चार थेंब. पिळलेली काकडी आणि व्हिनेगर वेगवेगळे फ्रिजमध्ये ठेवा, वाढताना एकत्र करा. आधीच कालवलं तर पाणी सुटतं आणि हिरवा रंग मातकट होतो. साधं पांढरं व्हिनेगर असेल तर दीड चमचा, वर अर्धा चमचा पाणी.

---

मंद_आच

एकच प्लेट मिळाली तर क्रम असा. आदल्या रात्री दाशी. ६:४० ला तांदूळ धुऊन भिजवा, तेवढ्यात काकडी, कांदा, पात कापून होते. ७:१० ला भात चढवा. उकळी आली की पातेलं तीन मिनिटं बाजूला ठेवा, प्लेट मंदावर आणून ती निवली की परत त्यावर, १३ मिनिटं. झाकण उघडायचं नाही हे आहेच. ७:३५ च्या सुमारास भात खाली, वर जाड टॉवेल गुंडाळा, वीस-पंचवीस मिनिटं चांगला गरम राहतो. प्लेट मोकळी झाली की पॅन. ७:५० ला एक जण सूप मायक्रोवेव्हमध्ये लावतो, दुसरा अंडी फेटतो. अंडं पॅनमध्ये पडायच्या आधी भात वाडग्यांत वाढलेला हवा. अंड्याला थांबता येत नाही, बाकी सगळ्याला येतं.

उरलेला भात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नको, तिथे स्टार्च कडक होऊन दाणा खडखडीत होतो. ओट्यावर रात्रभर तर मुळीच नको, भातातले बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. जेवायला बसण्याआधीच, वाफ असताना, १५० ग्रॅमचे चपटे पुडे प्लास्टिक रॅपमध्ये बांधा, कोमट झाले की फ्रीझरमध्ये. खायच्या वेळी बर्फ न वितळवता थेट ६०० वॉटला अडीच मिनिटं.